कातालानच्या बोली आणि प्रांतांच्या सीमा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कातालान भाषेला युरोपीय संघात अधिकृत दर्जा मिळावा, अशी मागणी स्पेनने २०२३ मध्ये केल्यापासून या भाषेचा उल्लेख आपल्याकडील बातम्यांतही अधूनमधून येऊ लागला आहे. त्यात कातालान ही स्पेनमधील कातालोनिया प्रांताची आणि वालेन्सियन ही शेजारच्या वालेन्सिया प्रांताची निराळी भाषा, अशी सरधोपट विभागणी केलेली आढळते. ती वस्तुस्थितीला धरून नाही.

या भाषेच्या बोलींचे पूर्व व पश्चिम असे दोन मुख्य गट मिला इ फोन्तानाल्स या अभ्यासकाने १८६१ मध्येच पाडले होते. त्यासाठी त्यांनी आघात नसलेल्या, म्हणजे उच्चारताना जोर न पडणाऱ्या, स्वरांचा निकष लावला. पूर्व गटात असे 'आ' आणि 'ए' एकाच स्वरात मिसळतात आणि तो स्वर आपल्या 'अ'च्या फार जवळचा आहे; पश्चिम गटात मात्र ते वेगवेगळे राहतात. त्यामुळे आपण छापतो ते 'बार्सेलोना' हे रूप खुद्द त्या शहरातल्या कातालान उच्चारापेक्षा वालेन्सियातील उच्चाराशी अधिक जुळते, ही गंमतच म्हणायची. महत्त्वाचे म्हणजे या दोन गटांमधली रेषा प्रांतांच्या सीमेवरून जात नाही, ती कातालोनियाच्या पोटातून जाते. लेइदा हे शहर कातालोनियात असूनही त्याची बोली वालेन्सियाप्रमाणे पश्चिम गटात मोडते. पूर्व गटात बार्सेलोनाबरोबर बालेआरिक बेटे, फ्रान्समधील पेर्पिन्याँचा परिसर आणि सार्डिनिया बेटावरील आल्गेरो हे गाव येते. हे गाव कातालोनियावरही राज्य करणाऱ्या अरागॉनच्या राजाने १३५४ मध्ये जिंकले आणि तिथे कातालान वसाहत केली, म्हणून ही भाषा समुद्रापार इटलीत पोहोचली.

'मी गातो' हे एवढेसे वाक्य घेतले तरी बार्सेलोनात 'कांतु', लेइदात 'कांतो', वालेन्सियात 'कांते', बालेआरिक बेटांपैकी मायोर्कात नुसते 'कांत' आणि पेर्पिन्याँकडे 'कांती' असे ऐकू येते. मायोर्कात तर 'एस' आणि 'सा' अशी वेगळी उपपदेही रोजच्या बोलण्यात आहेत. तरीही या सगळ्यांना एकमेकांचे बोलणे समजते. शिवाय प्रमाणलेखनाने एकच रूप सर्वांच्या गळी उतरवलेले नाही. कातालानचे १९१३ चे लेखननियम वालेन्सियाने १९३२ मध्ये कास्तेयो येथे स्वीकारले, ते आपली स्थानिक रूपे राखूनच. त्यामुळे 'कांते' हे रूप तिथे शिष्टसंमत लेखनातही चालते.

वालेन्सियाच्या कायद्यात भाषेचे नाव 'वालेन्सियन' असेच आहे आणि ते वापरण्यात काहीच गैर नाही. परंतु कातालान व वालेन्सियन ही एकाच भाषेची नावे आहेत, असे तेथील अधिकृत भाषा अकादमीने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा वालेन्सियातील बातमी देताना स्थानिक नाव जरूर छापावे, मात्र त्यापुढे 'वेगळी भाषा' असे विशेषण जोडू नये, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली