पोराच्या मारामारीबद्दल

प्रिय सुध्या,

काय बे, कसा आहेस? परवा फोनवर तू म्हणत होता का पोरगा शाळेत मारामारी करून राहिला, मॅडमनी डायरीत लिहून पाठवलं, मग तू त्याला दोन रट्टे ठेवून दिले. वा रे वा! मारू नको हे शिकवायची हीच पद्धत सापडली का तुला?

आमच्या दुसरीच्या वर्गातही रोज तेच. सकाळी परिपाठात प्रतिज्ञा म्हणतात, प्रत्येकाशी सौजन्याने वागेन वगैरे, अन् मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ धक्काबुक्की सुरू. आधी आम्ही सगळे ‘चल सॉरी म्हण’ करून मोकळे व्हायचो, पोरं पण पटकन म्हणतात यार, अन् दाराबाहेर गेली की पुन्हा ढकलतात. आता मी दोघांना समोरासमोर बसवते, एक बोलेल तेव्हा दुसऱ्यानं मधे तोंड घालायचं नाही. ज्यानं पट्टी तोडली त्यानं दिवसभर आपली पट्टी द्यायची. गणिताचा तास बुडतो, बुडू दे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, मारणं तर बंदच, मानसिक त्रास देणंही बंद. स्टाफरूममध्ये कुरकुर असते का पोरं डोक्यावर बसली म्हणून. पण ‘ढ’, ‘बैल’ हे अजून सर्रास चालतं, अन् घरी तर कायदा येतच नाही.

मोठी माणसं कोणाशी कसं वागतात हे ही पोरं बरोबर टिपतात. भाचीला दीक्षाभूमीला नेलं होतं. तिला सांगितलं का बाबासाहेब साताऱ्याला शाळेत होते तेव्हा बसायला घरून गोणपाट न्यायचे, नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडला तरच पाणी. ती गप्प. घरी आल्यावर आईला विचारते, आजी, भांडेवाल्या मावशींचा कप खिडकीत वेगळा का ठेवते गं? आई म्हणाली, त्यांनाच तसं आवडतं. कोणाला आवडेल बे असं? आईशी मी यावरून वाद घातला, कप अजून तिथंच आहे.

वर्गात पोरं-पोरी मिळून झाडू मारतात, हे मी सुरू केलं तर एक पालक भांडायला आले, पोराला झाडू मारायला पाठवतो का म्हणे! गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली, त्यात तर हातानं काम करणं हेच शिक्षण होतं, पण त्यांना कोण सांगणार, ते ऐकून घ्यायच्या मूडमध्येच नव्हते.

दिवाळीत पोराला घेऊन ये, सेवाग्रामला जाऊ, तर्री पोहे खाऊन सकाळीच निघू. तोवर रट्टे बंद ठेव. अन् मॅडमना भेटशील तेव्हा आधी कोणी मारलं ते नको विचारू, भांडण कशावरून झालं ते विचार, अन् मला कळव.

तुझीच,
मीनू