वरच्या मजल्यावरच्या आमच्या शेजाऱ्यास

अनेक आशीर्वाद.

तुझं नाव इथं लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण तू जे केलंस ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवेना.

मार्च 2025 मध्ये आलेला 'टू पॉइंट म्युझियम' हा स्वतःचं म्युझियम चालवायचा कॉम्प्युटर गेम आमच्या लेकानं परीक्षा संपल्यावर हट्टानं घेतला. डायनासोरचे सांगाडे मांडून झाले, दानपेट्यांत पैसेही पडत होते, पण नकाशावरची पुढची ठिकाणं काही उघडेनात. तू ऑफिसमधनं दमून आलेला. तरी बूटसुद्धा न काढता दारातनं त्याचं ऐकून घेतलंस आणि मग खुर्ची ओढून बसलास.

नुसते पैसे साठवून वाट उघडत नाही, हे तू पहिल्यांदा समजावलंस. जिथं वस्तू शोधायला मोहीम जाऊन आली तिथंच पुन्हा माणसं पाठवायची, त्या जागेची पाहणी पुरी होत गेली की पुढचं दिसायला लागतं. जाणाऱ्या तज्ज्ञाबरोबर वर्कशॉपमधलं योग्य सामान द्यायचं, नाहीतर तो जखमी होऊन परततो, कधी परततच नाही. एकच वस्तू दोनदा मिळाली तर जादाची मोडून तपासायची, म्हणजे त्या वस्तूचं ज्ञान वाढतं. आणि कुडॉश, म्हणजे गेममधली बक्षिसाची नाणी, साठवून सजावटीची जी वस्तू एकदा उघडली ती सगळ्या म्युझियममध्ये वापरता येते. हे त्यानं वहीत लिहून घेतलंय, अभ्यासाच्या वहीत कधी नसतं इतक्या नीट अक्षरात.

पण मला खरं कौतुक आहे ते बर्फातल्या आदिमानवाचं. तो मिळाल्यावर लेक नाचलाच. आता कुठं ठेवू, म्हणून तुला विचारलं. तू माऊसला हातही लावला नाहीस. "हा बर्फात आहे, मग याला काय लागेल?" एवढंच विचारलंस. तो गप्प. बराच वेळ गप्प. तूही थांबलास. मग त्यानं स्वतःच जवळ गार हवेची यंत्रं लावली. बर्फ वितळला असता तर तो गडी उठून म्युझियमभर फिरला असता, हे तू नंतर सांगितलंस.

त्या एका प्रश्नावर पुढचं त्याचं त्यानं निभावलं. भुतांच्या म्युझियममध्ये प्रत्येक भुताला त्याच्या काळाचं सामान खोलीत लागतं, हे त्यानं तुझ्याशिवाय शोधलं. मला शिकवताना तोही आता आधी प्रश्नच विचारतो! शिकवणीला इतके पैसे मोजतो आपण, पण पोराच्या डोक्याला वाव देऊन थांबणारं माणूस मिळत नाही रे.

परवा त्याला टाऊन हॉल म्युझियममध्ये नेलं. इथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे ना, वितीएवढीसुद्धा नसेल, तिच्यापुढनं हलेना. समुद्राचा ग्रीक देव पंचगंगेकाठी आला कसा, म्हणून मला विचारलं. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा एवढं मला ठाऊक होतं, ते सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, आणि त्याचाच मला आनंद वाटला.

तुझ्या आईलाही मी हे सगळं सांगितलंय. रविवारी दुपारी जेवायला खालीच ये, तांबडा-पांढरा करतेय. अंतराळाच्या म्युझियमबद्दल त्याच्याकडं प्रश्नांची यादी तयार आहे.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू
कोल्हापूर