दरवेश एका कवितेपुरते नाहीत

महोदय,

रविवारच्या पुरवणीत महमूद दरवेश यांच्यावरील लेख वाचला. ९ ऑगस्टला क्रांतिदिनाच्या बातम्यांच्या गर्दीत या पॅलेस्टिनी कवीचा स्मृतिदिन कोणाच्या लक्षात राहतो, म्हणून आधी आभार. तक्रार एवढीच की, लेख 'लिहून घ्या, मी अरब आहे' या १९६४च्या कवितेपाशीच थांबला. मोर्च्यातल्या फलकावर ती ओळ शोभते, पण दरवेश यांनाच तिचा पुढे जाच होऊ लागला होता. ती इस्रायली अधिकाऱ्याला सुनावलेली होती. बैरुतमध्ये श्रोते तिचीच फर्माईश करू लागले, तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला. अरबांसमोर उभे राहून आपण अरब असल्याचे काय सांगायचे?

अक्का शहराजवळचे अल-बिरवा हे त्यांचे गाव. १९४८च्या अरब-इस्रायल युद्धात, ते सात वर्षांचे असताना, घरच्यांनी लेबनॉन गाठले. वर्षभराने लपतछपत परतले तर गाव जमीनदोस्त झालेले. इस्रायलच्या सरकारी दप्तरात अशांची नोंद 'हजर-गैरहजर'! म्हणजे माणूस समोर उभा आहे, पण त्याच्या घराजमिनीपुरता तो नाहीच. पुढचे तुरुंग, हैफातली नजरकैद, १९७० नंतरचे मॉस्को, कैरो, बैरुत, पॅरिस सगळ्यांना ठाऊक असते. माझ्या मते त्यांचा वनवास त्या नोंदीपासूनच सुरू झाला.

आईच्या हातची भाकरी आणि कॉफी आठवणारी त्यांची कविता तुरुंगातली. लेबनॉनचे गायक मार्सेल खलिफे यांनी ती गायली आणि ती घरोघरी पोचली. हीच कॉफी १९८२च्या इस्रायली फौजांच्या बैरुत वेढ्यावरच्या त्यांच्या गद्यात पुन्हा भेटते. समुद्रातून तोफगोळे येताहेत, स्वयंपाकघराची काच समुद्राकडेच, आणि या गद्यातल्या निवेदकाला हवी आहे फक्त पाच मिनिटांची शस्त्रसंधी, कॉफी करण्यापुरती. वेलदोड्याच्या वासाची पूड चमच्याचमच्याने कशी घालायची, मधे भांडे विस्तवावरून कसे उतरवायचे, हे तो इतके सावकाश सांगतो की, बाहेरचे युद्ध आपोआप कळत जाते. मला तरी त्या कवितेपेक्षा ही पाने अधिक झोंबली.

राजकारण त्यांना सुटले नाही, हे कबूल. १९८८चा पॅलेस्टाइनचा स्वातंत्र्य जाहीरनामा त्यांनीच लिहिला आणि १९९३मध्ये इस्रायलशी झालेला ओस्लो करार न पटल्याने पीएलओच्या (पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या) कार्यकारिणीतून तेच बाहेर पडले. २००० साली इस्रायलचे शिक्षणमंत्री योसी सरीद यांनी त्यांच्या कविता शाळांत शिकवायचे ठरवले, तर केवढा गहजब! देश अजून त्यासाठी तयार नाही, असे पंतप्रधान बराक यांनी सांगून टाकले. कवितेची एवढी धास्ती!

२००८मध्ये ह्यूस्टनला हृदयशस्त्रक्रियेनंतर ते गेले. दफन वेस्ट बँकमधल्या रामल्लात झाले, अल-बिरवात नाही. त्याआधीच्या, १९९८च्या शस्त्रक्रियेत मरण जवळून पाहून त्यांनी एक दीर्घकविता लिहिली. तिच्यात ते मृत्यूला दाराबाहेर थांबायला सांगतात, त्याच्याशी गप्पा मारतात. पुढच्या ऑगस्टमध्ये त्या कवितेतला एखादा भाग मराठीत करून छापावा, ही विनंती. जागा कमी पडत असेल तर कवीचा फोटो लहान करा.

— एक वाचक, मिरज