दाद मागायची कुणाकडे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तंत्रज्ञानाचा धाक दाखवणाऱ्या परदेशी मालिकांवरचा लेख वाचला. असल्या मालिका मोठ्या शहरातल्या, इंग्रजी कळणाऱ्या पोरांसाठी असतात, आपल्या भागातल्या माणसाला त्यांचं काय सोयरसुतक, असा त्याचा एकूण सूर होता. माझं बेळगावच्या वडगावात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. रात्री शटर ओढल्यावर पुतणीबरोबर बसून, खालची इंग्रजी अक्षरं तिच्याकडून समजून घेत, मी या मालिका बघतो. मला लेखकाचं म्हणणं बिलकूल पटलं नाही. या मालिका खऱ्या अर्थानं कुणाला कळतील, तर दुकानापुढं आधार कार्ड हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या माणसांना.

‘ब्लॅक मिरर’चंच घ्या. चार्ली ब्रूकरची ही मालिका २०११ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवर सुरू झाली आणि २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर गेली. प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी. सगळेच भाग भारी आहेत असं नाही. सहाव्या सीझनमधल्या एका भागात तर माणसाचा चक्क लांडगा होतो. तिथं पुतणी म्हणाली, “काका, हे आपल्या भुतांच्या सिरियलीत बरं असतं,” आणि मी मान डोलावली. पण २०२५ च्या सातव्या सीझनमधला पहिला भाग, ‘कॉमन पीपल’, डोक्यातून जात नाही.

शाळेत शिकवणारी अमांडा आणि वेल्डिंगचं काम करणारा तिचा नवरा माइक. तिच्या मेंदूत गाठ निघते. एक कंपनी म्हणते, शस्त्रक्रिया फुकट. मेंदूचा गेलेला भाग आमच्या सर्व्हरवरून चालवू, महिन्याला फक्त ३०० डॉलर भरा. दोघं हरखून जातात. मग कळतं की कंपनीच्या कव्हरेजच्या हद्दीबाहेर गेलं की अमांडा जागच्या जागी बेशुद्ध पडते. हद्द वाढवून हवी असेल तर वरचा प्लॅन घ्या. तो परवडत नाही, तर साध्या प्लॅनवाल्यांच्या तोंडून आता जाहिराती येणार! वर्गात पोरांना शिकवता शिकवता ही बाई मध्येच एखाद्या वस्तूची जाहिरात बोलून जाते आणि आपण काय बोललो हे तिचं तिलाच ठाऊक नसतं.

या भागाची चर्चा होते ती मेंदूतल्या यंत्राबद्दल. मला मात्र आठवते कंपनीची गेनर नावाची प्रतिनिधी. नवरा-बायको पुन्हा पुन्हा तिच्यापुढं येऊन बसतात, रडकुंडीला येतात आणि ती हसतमुखानं नव्या प्लॅनचे फायदे सांगते. ती दुष्ट नाही. ती स्वतः त्याच यंत्रावर जगते आहे. तिच्या हातात काही नाही, आणि ज्याच्या हातात आहे तो पडद्यावर येतच नाही. भांडायचं म्हटलं तरी भांडणार कुणाशी?

आता माझ्या दुकानातलं सांगतो. वडगाव-शहापूर हा विणकरांचा भाग. जन्मभर सुताशी काम केलेल्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. मागल्या पावसाळ्यात एक म्हातारी आली. पैसे जमा व्हायचे थांबले होते, केवायसी करायची होती. अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराला पुसून ठेवला, लाल. डाव्या हाताचा ठेवला, लाल. मी म्हटलं, “मावशी, थंब लागंना.” ती म्हणाली, “लागंना म्हणजे काय रे? अंगठा माझाच हाय की!” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. हात धुऊन, तेल लावून, पुन्हा पुसून शेवटी कसातरी लागला. अर्ज गेला. पुढं महिनाभर ती आली की मी स्टेटस बघायचो आणि तिथं एकच कन्नड शब्द: ‘परिशीलनेयल्लिदे’. पडताळणी चालू आहे. कोण पडताळतोय, कुठं बसतो, त्याला जाऊन ‘साहेब, ही बाई जिवंत आहे’ असं सांगता येईल का, यातलं काहीच त्या पानावर नाही.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना भांडायची सवय आहे हो. मराठीत कागद मिळावेत म्हणून, जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के आहेत तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यावेत या नियमावर बोट ठेवून आमच्या वडिलांच्या पिढीनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. निवेदन द्यायचं, त्यावर पोच घ्यायची, पोचेची झेरॉक्स जपून ठेवायची. काम होवो न होवो, समोर माणूस असायचा. कितीदा पलीकडचा कारकून कन्नड असला तरी बेळगावचाच निघायचा. कडाकडा भांडून झालं की “द्या इकडं, काका” म्हणून फॉर्म स्वतःच भरून द्यायचा. आता फॉर्म भरतो मी आणि खिडकीत कुणी नाही. मालिकेतलं भविष्य बघून लोक घाबरतात, मला तर तो आमचा सोमवार वाटतो.

याच मालिकेतला २०२३ चा ‘जोन इज ऑफुल’ हा भागही असाच. एका बाईच्या रोजच्या आयुष्यावर तिला न विचारता मालिका निघते. ती वकिलाकडं जाते, तर कळतं की अटी मान्य करून बसली आहे तीच. न वाचता बटण दाबलं होतं. पुतणी खो खो हसली. मला हसू येईना, कारण दुकानात बसून दिवसभर मी दुसऱ्यांच्या वतीनं ‘मला मान्य आहे’ दाबतो. वाचून दाखवायला लागलो तर लोकच म्हणतात, “दाबा की ओ, बस चुकंल.”

आता आपल्याकडच्या चित्रपटांकडं येतो. विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘कंट्रोल’ (२०२४) नेटफ्लिक्सवर आला. प्रियकराशी मोडल्यावर नायिका एका एआय सहायकाला सांगते, माझ्या सगळ्या फोटो-व्हिडिओंतून याला पुसून टाक. जवळजवळ सगळा चित्रपट फोनच्या आणि लॅपटॉपच्या पडद्यावरच घडतो. इथवर झकास. पण पुढं मोठ्या कंपनीचं कारस्थान आलं की नेहमीच्या रहस्यपटाच्या वाटेला लागतो. अनन्या पांडेनं काम चांगलं केलंय, हे कबूल करायला हवं. ‘कल्की २८९८ एडी’ आणि उपेंद्र यांचा कन्नड ‘यूआय’ हे दोन्ही २०२४ चेच. भव्य आहेत, डोळे दिपतात, पण घरी येईपर्यंत मी विसरलो. उद्ध्वस्त शहर उभारायला कोट्यवधी लागतात. ‘सर्व्हर डाऊन’ असं लिहिलेला पुठ्ठा टांगायला काही लागत नाही, आणि भीती त्याचीच जास्त वाटते.

मला सगळ्यांत आवडला तो ‘ह्यूमन्स इन द लूप’. अरण्य सहाय यांचा हा छोटासा चित्रपट २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. झारखंडमधली नेहमा ही आदिवासी बाई गावाजवळच्या केंद्रात संगणकावर चित्रं ओळखून त्यांना नावं लावण्याचं काम करते. त्यावरून यंत्र शिकतं. एका चित्रातल्या अळीला ‘कीड’ म्हणून खूण करायची असते. ती करत नाही, कारण ही अळी पानाचा सडलेला भागच खाते, हे तिला रानात वाढल्यामुळं माहीत आहे. वरून बोलणी बसतात. एवढासाच प्रसंग. पण यंत्राला अक्कल कुठून येते आणि कुणाची अक्कल बाहेर ठेवली जाते, हे त्यात लख्ख दिसतं. आमच्याकडची बोली फोनला बोलून दाखवा, तो काय टाइप करतो बघा. आमची मराठी त्याला शिकवायला तिथं कुणी बसलंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यांत भयंकर गोष्ट मात्र पडद्यावरची नाही. हिंदी ‘रांझणा’ २०१३ चा. शेवटी नायक मरतो, आणि त्या मरणासाठीच तो चित्रपट लोकांच्या लक्षात राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची तमिळ आवृत्ती पुन्हा लागली तेव्हा निर्मिती कंपनीनं एआयच्या मदतीनं शेवट बदलून नायकाला जिवंत केलं. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक झालेला धनुष, दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. कंपनीचं म्हणणं, हक्क आमचे आहेत. म्हणजे ज्यानं चित्रपट केला त्यानंही दाद मागायची कुणाकडं? उद्या एखाद्या जुन्या मराठी चित्रपटाचा शेवट असाच ‘गोड’ करून आणला तर आपण काय करणार आहोत? पुरवणीतल्या लेखात या प्रकाराचा उल्लेखसुद्धा नसावा याचं आश्चर्य वाटलं.

मराठीत या विषयाला हात घालणारं फारसं काही माझ्या पाहण्यात आलं नाही. माणसं उभी करण्यात आपले लोक कुणाला ऐकत नाहीत. मुंबई महापालिकेच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना रात्रशाळेत बसवणारा ‘आता थांबायचं नाय’ बघताना आमच्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी डोळे पुसले. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये पोरगी बघायला आलेले पाहुणे दरवेळी तेच विचारतात: नाव काय, शिक्षण किती, उंची किती. ती पाटावर बसून तीच उत्तरं देते. ते प्रश्न मला ऑनलाइन अर्जाच्या रकान्यांसारखे वाटले. एक चुकला की पुढचं पान उघडत नाही. ज्याला हे दिसतं त्याला थंब न लागणारी म्हातारी दिसायला अवघड नाही. पण फोन आपल्या चित्रपटात येतो तो एकतर सासूबाईंच्या व्हॉट्सॲपच्या विनोदापुरता, नाहीतर ‘मोबाईल सोडा, माणसं जोडा’ छापाच्या उपदेशापुरता. फोन सोडून चालत असतं तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं.

आता मराठी चित्रपट बेळगावात बघायला मिळण्याबद्दल. लागला तर एखादाच खेळ, तोही दुपारी, कामधंद्याच्या वेळी. पुढच्या शुक्रवारी गायब. मग हौशी लोक कोल्हापूर गाठतात. कर्नाटक सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये तिकिटाला कर सोडून २०० रुपयांची मर्यादा घातली, तिला उच्च न्यायालयाची स्थगिती आली. त्यामुळं चौघांच्या घरानं मल्टिप्लेक्सला जायचं म्हणजे किती, हा हिशेब काउंटरवर गेल्यावरच कळतो.

म्हणून एक विनंती. शुक्रवारच्या अंकात बेळगाव, निपाणी आणि खानापूरच्या चित्रपटगृहांत कोणता मराठी चित्रपट किती वाजता आहे, त्याचा एक चौकोन द्यावा, दरासकट. मालिकांवर लिहिताना कोणत्या मालिकेला मराठी उपशीर्षकं आहेत तेही छापावं. पुतणी पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला जाणार आहे, नंतर मला समजावून सांगायला कुणी नाही.

कळावे,
आपला,
एक प्रेक्षक
वडगाव, बेळगाव