दार लावून घे

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "प्रार्थनेला बसतो गं, पण दोन मिनिटांत मन ऑफिसात पोचतं. मग वाटतं, कशाला हे सोंग?" तू घाईत होतास, म्हणून मी गप्प बसले. पण 'सोंग' हा शब्द मनाला लागून राहिला.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढ. आदल्या संध्याकाळी अख्खं कफर्णहूम गाव येशू होता त्या घराच्या दाराशी लोटलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. हे ३५ वं वचन सगळेच सांगतात. मला त्याच्या पुढची दोन जास्त जवळची वाटतात. त्याचा शिष्य शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुम्हाला शोधताहेत. म्हणजे एकांत त्याचाही मोडलाच की! आणि तो गेला तो कामं संपवून नव्हे, लोक खोळंबलेले असताना. तू कामं संपायची वाट बघतोस, म्हणून सांगते. ती संपत नसतात.

तू लहान होतास तेव्हा मी पहाटे पाचला जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायचे. तेवढी पंधरा मिनिटं माझी आणि देवाची. तुला कसा सुगावा लागायचा कोण जाणे! डोळे चोळत यायचास आणि मांडीत शिरायचास. एकदा मी तुझ्यावर ओरडले. तू रडलास, मग मीही रडले. देवाकडे जाताना पोटच्या पोरालाच अडथळा समजू लागले होते मी. त्यानंतर तुला मांडीवर घेऊनच बसायचे. प्रार्थना तुटक व्हायची, पण व्हायची. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझॅना, तिला १९ लेकरं झाली. ती म्हणे डोक्यावरून ॲप्रन ओढून बसायची आणि पोरांना कळायचं, आता आईला हाक मारायची नाही. तू तर ॲप्रनच ओढला असतास.

मन ऑफिसात गेलं ना, मग तिथलंच देवाला सांग. साहेबाचा राग आला असेल तर तोही सांग. स्तोत्रकर्त्यांनी काय कमी कुरकुर केली आहे? त्याला सोंग म्हणत नाहीत.

फोनचं मात्र मी ऐकणार नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय, खोलीत जा आणि दार लावून घे. फोन खिशात ठेवून दार लावलंस तर सगळं जग तुझ्यासोबत आतच आलं. तो दुसऱ्या खोलीत ठेव. गजराला साधं घड्याळ घे. आणि एकदम अर्धा तास ठरवू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे, चौथ्या दिवशी सोडशील. पाच मिनिटं बस.

मी अजून पाचलाच बसते. गुडघ्यांमुळे आता पायरीवर नाही, खुर्चीवर. त्या वेळी फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

तुझी,
आई