टोकियोला निघण्यापूर्वी

डोंबिवली, रविवार

चि. मुक्ता हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू टोकियोचे तिकीट काढल्याचे सांगितलेस, मी तिथल्या थंडीविषयी विचारले आणि ‘बाबा, मी आता लहान नाही’ असे म्हणून तू फोन ठेवलास. आई म्हणाली, लगेच फोन करू नका, दोघांचेही आवाज चढतील, त्यापेक्षा लिहा. म्हणून लिहीत आहे, आणि तुझ्या दम्याचा विषय काढायचा नाही असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

तुझा बेत मला मनापासून आवडला, हे आधी सांगतो. उएनोसारख्या जुन्या भागात उतरायचे, गजर लावायचा नाही, एका दिवशी एकच वस्ती पायी हिंडायची आणि थकवा आला की कुठेतरी चहा घेत बसायचे, ही कल्पना सुट्टीतही लॅपटॉप उघडणाऱ्या माझ्या मुलीला सुचली, याचे मला फार बरे वाटले. स्वतःच्या कमाईवर, कोणाच्या सोबतीवाचून, केवळ हिंडण्यासाठी आपल्या घरातले कोणी आजवर इतक्या लांब गेलेले नाही. नानाकाकांना मी ही बातमी आज सकाळीच कळवली, आणि पलीकडच्या बिल्डिंगमधल्या जोशांनाही.

हिवाळा निवडलास तेही एका अर्थी योग्यच आहे. सैबेरियाकडून येणारे थंड वारे वाटेतल्या समुद्रावरची वाफ उचलतात, जपानच्या मधल्या डोंगरांच्या पश्चिमेला तिचे बर्फ करून टाकतात आणि कोरडे होऊन टोकियोच्या बाजूला उतरतात. त्यामुळे त्या किनाऱ्यावरची गावे बर्फात बुडालेली असताना टोकियोत मात्र दिवसेंदिवस स्वच्छ ऊन असते, आणि सकाळी एखाद्या उंच जागेवरून फुजी पर्वत दिसतो. पण हाच कोरडेपणा छातीला बाधतो. जानेवारीत सरासरी तापमान ५ अंशांच्या आसपास असते, पहाटे ते शून्याजवळ जाते, संध्याकाळी साडेचारलाच सूर्य मावळतो, आणि उबदार डब्यातून एकदम अशा हवेत पाऊल टाकले की श्वासनलिका आकसते, हे डॉक्टरांनी तुला माझ्यासमोरच समजावले आहे. नाकावरून मफलर घेऊनच बाहेर पड, खोलीत हीटर चालू असेल तर ओला टॉवेल टांगून ठेव, आणि पंप बॅगेत न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात ठेव. न लिहायचे ठरवले होते तेच लिहून बसलो. राग मानू नकोस.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. यामानोते ही तिथली गोल फिरणारी लाइन ३४.५ किलोमीटर लांबीची आहे, तिच्यावर ३० स्थानके आहेत आणि एक फेरी सुमारे तासाभरात पुरी होते. तिचे वर्तुळ १ नोव्हेंबर १९२५ रोजी जोडले गेले. आपल्याकडे व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली ती त्याच वर्षीच्या ३ फेब्रुवारीला. लोकल चालवण्याच्या ज्या कामावर माझे सारे आयुष्य गेले त्याची सुरुवात आणि त्या वर्तुळाची पूर्तता एकाच वर्षातली आहे, हे मला फार मोलाचे वाटते. दुपारी गर्दी कमी असताना पहिल्या डब्यात, चालकाच्या केबिनमागच्या काचेशी उभी राहा. तिथला चालक सिग्नलकडे बोट रोखून त्याची स्थिती उच्चारतो, घड्याळाकडे आणि वेळापत्रकाकडेही तसेच बोट दाखवतो. आपल्याकडे लांबच्या गाड्यांवर लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. लोकलच्या केबिनमध्ये मात्र मोटरमन एकटाच असतो, आणि मागच्या गार्डशी त्याचे बोलणे होते ते घंटीने. रात्रीच्या शेवटच्या गाडीवर मीही सिग्नलचा रंग स्वतःशी मोठ्याने म्हणत असे. त्या माणसाला नीट पाहा आणि मला सविस्तर सांग.

त्याच मार्गावरच्या ओत्सुका स्थानकापाशी तुला ट्राम मिळेल. टोकियोत शहराच्या ट्रामचे मोठे जाळे होते, त्यातला मिनोवाबाशी ते वासेदा हा १२.२ किलोमीटरचा एवढाच मार्ग उरला आहे. आपल्या मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली. तुझ्या आजोबांनी मला खांद्यावर बसवून बोरीबंदरला ती शेवटची गाडी दाखवायला नेले होते, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे मला अजून दिसतात. या ट्रामने तू किशिबोजिन-माए या थांब्यावर अवश्य उतर. तिथल्या देवळातली देवी म्हणजे आपली हारीती, जिला तू अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात, मुख्य गाभाऱ्याशेजारच्या लहान दालनात पाहिले आहेस. तिच्या आसनाखाली छडी घेतलेले पंतोजी आणि मुले कोरलेली आहेत, ती पाहून तू आणि दादा किती हसला होतात! ही हारीती लोकांची मुले पळवून खात असे. बुद्धाने तिचे सर्वांत धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवले, ती सैरभैर होऊन त्याला शोधत फिरली, आणि पुढे तीच मुलांची रक्षणकर्ती झाली. आपल्याकडची ही देवी चीनमार्गे तिकडे पोचली आणि टोकियोतल्या आया आपल्या मुलांसाठी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यापुढे हात जोडत आल्या आहेत. देऊळ १६६४ सालचे आहे आणि अंगणातला गिंको वृक्ष तर त्याहून कितीतरी जुना.

ती कशी सैरभैर झाली असेल ते मला २६ जुलै २००५ मुळे ठाऊक आहे. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि माझी गाडी शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये पाण्यात उभी राहिली. गाडीत माणसे होती, त्यामुळे केबिन सोडून निघणे शक्य नव्हते, आणि घरचा फोन लागत नव्हता. आक्काने तुला पाठीवर घेऊन पाण्यातून दवाखान्यात नेले, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचल्यावर कळले. तू झोपली होतीस आणि प्रत्येक श्वासाला तुझ्या गळ्याजवळची कातडी आत ओढली जात होती. इतकी वर्षे झाली, तुला कित्येक हिवाळे काहीही त्रास झालेला नाही, तरी तू दूर जायला निघालीस की माझ्या डोळ्यांपुढे तोच गळा येतो. तू पंप खिशातच ठेवशील ना?

असाकुसाच्या सेन्सो-जी मंदिरापुढे मोठे धूपपात्र आहे. तो धूर हातांनी अंगावर घेतला की दुखणे बरे होते अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. तिचा मी आदर करतो, परंतु तू लांबूनच नमस्कार कर. एप्रिल २०२० पासून तिथल्या उपाहारगृहांत धूम्रपानाला सर्वसाधारणपणे बंदी असली, तरी काही लहान जुन्या दुकानांना सवलत आहे, म्हणून आत शिरण्यापूर्वी दारावरची पाटी वाच. नव्या वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत मेइजी देवस्थानाला सुमारे तीस लाख लोक जातात. मध्यरात्रीच्या त्या गारठ्यात रांगेत उभे राहण्याची काहीएक आवश्यकता नाही. त्यापेक्षा यानाका या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांतून दुपारच्या उन्हात हिंड, आणि उएनोच्या तोशोगू देवळाच्या बागेत जा. तिथे जानेवारीत पेओनीची फुले फुलवतात आणि बर्फापासून जपण्यासाठी प्रत्येक झाडावर गवताची खोप उभी करतात. वर्षअखेरीला बरीच संग्रहालये बंद असतात; उएनोचे राष्ट्रीय संग्रहालय बहुधा २ जानेवारीला उघडते, तेवढे बघून घे. हे सगळे सूचनांसारखे झाले आहे याची मला जाणीव आहे. तुझी सुट्टी तुझीच आहे; यातले एकही ठिकाण पाहिले नाहीस आणि नुसती झोपून राहिलीस तरी मला आनंदच होईल.

पैसे लागले तर संकोच करू नकोस. रोज एक ओळ पाठव. नुसते ठिकाणाचे नाव लिहिलेस तरी चालेल, प्रकृतीविषयी मी विचारणार नाही.

तुझे,
बाबा

ता. क. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथे सोबा नावाच्या शेवया खाण्याची प्रथा आहे. त्यातले धान्य काही जणांना फार बाधते आणि दमा असणाऱ्यांना तर अधिकच; तू ते कधी खाल्लेले नाहीस, तेव्हा एकटी असताना त्याचा प्रयोग करू नकोस. जुन्या पद्धतीच्या निवासात त्याच्याच टरफलांची उशी देतात, ती बदलून माग. डॉक्टरांच्या चिठ्ठीची बहुतेक औषधे एका महिन्यापुरती परवानगीशिवाय नेता येतात. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून अधिक असते, त्या मात्र जपानमध्ये नेण्यास मनाई आहे, म्हणून तुझ्या डब्यातल्या पट्ट्या आधी तपासून घे. आणि पंप दोन ने, एक कोटात आणि एक हँडबॅगेत.