आमच्या मुलीला वर्गात नेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमची बदली झाल्याचे कळले. हे पत्र तुमच्या हाती देऊन थांबता आले असते, पण तुम्ही आमच्यासाठी जे केले त्याची गरज असलेली आणखी घरे या तालुक्यात आहेत, म्हणून सर्वांसमोर लिहीत आहे.

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर तिचा ताबा राहत नाही. तिला आधाराशिवाय बसता येत नाही, बोलता येत नाही, घास भरवावा लागतो आणि डायपर बदलावा लागतो. सहाव्या वर्षी तिचे नाव घालायला गेलो, तेव्हा अशा मुलांना घरीच शिकवण्याची सोय आहे, असे आम्हाला अगदी सहानुभूतीने सांगण्यात आले आणि आम्हीही ते निमूटपणे मानले. पुढे दोन वर्षे तिचे नाव हजेरीपटावर राहिले आणि ती घरात.

मग तुम्ही गृहभेटीला आलात, सतरंजीवर तिच्याशेजारी बसलात आणि ‘ही हो कसे म्हणते?’ असे विचारलेत. हो म्हणताना ती डोळे वर नेते, हे मला माहीत होते. पण ते कोणाला सांगण्याजोगे आहे, असे त्या दिवसापर्यंत वाटले नव्हते.

शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला, परंतु तो निवडण्याचा हक्क मुलाचा आहे आणि त्याच्या आधारे शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे तुम्ही कलम वाचून दाखवून शाळेला पटवलेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ (भेदभाव न करता शाळेत प्रवेश) आणि ३१ (मोफत शिक्षणाचा हक्क) मी पहिल्यांदा ऐकले ते त्याच बैठकीत.

कायद्याचे बोलणे तासाभरात संपले. खरे काम पुढचे दोन महिने चालले. डायपर कुठे आणि कोणी बदलायचा, या प्रश्नावर बहुतेक प्रवेश अडतात, असे मला आज वाटते, कारण तो प्रश्न उघडपणे कोणी विचारतच नाही. तुम्ही तो पहिल्याच दिवशी विचारलात, मदतनीस ताईंची व्यवस्था केलीत आणि एका खोलीचा कोपरा पडदा लावून घेतलात. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो, हे गवंड्याला समजावलेत. तिची सीपी चेअर, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठीची आधाराची खुर्ची, दाराशी ठेवू न देता दुसऱ्या रांगेत, मुलींच्या मध्ये ठेवायला लावलीत. पारदर्शक प्लास्टिकच्या पाटीवर चित्रे आणि अक्षरे चिकटवून नजरेने उत्तर देण्याची पद्धत तुम्ही तिच्याबरोबरच सगळ्या वर्गाला शिकवलीत. तिची नजर स्थिरावायला वेळ लागतो. तेवढे थांबायला मुले आम्हा मोठ्यांपेक्षा लवकर शिकली.

सौम्य अपंगत्व असलेल्या मुलांना वर्गात घ्यायचे आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांना घरी ठेवायचे, ही विभागणी आजही पुष्कळांना रास्त वाटते. मलाही ती दोन वर्षे रास्त वाटत होती, याचे दुःख आहे. आधार जास्त लागतो म्हणून हक्क कमी होत नाही, हे तुम्ही आम्हाला दाखवून दिलेत आणि त्याबद्दल आम्ही सारे तुमचे मनापासून आभारी आहोत.

जूनमध्ये ती नववीत जाईल. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा असला, तरी दिव्यांग हक्क अधिनियमाचे कलम ३१ अठराव्या वर्षापर्यंत लागू आहे, हे तुम्ही माझ्या वहीत लिहून दिले होते. ते पान घेऊन मी नव्या शाळेत जाऊन आले. तिथे चार पायऱ्या आहेत, उंची दोन फूट. चोवीस फुटांचा उतार लागेल, असे मी मुख्याध्यापकांना सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
तिची आई